मुलाणी मॅडमचा पाठमोरा तास

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर रेवा मला तीनदा म्हणाली, "आजी, सगळं ठीक आहे." पहिल्यांदा ती माझ्याकडे बघत होती, दुसऱ्यांदा खिडकीकडे, आणि तिसऱ्यांदा तिने फोन असा काही धरला की मला फक्त तिच्या खोलीचं छत दिसलं. मी पुढे काही विचारलं नाही. तुमच्या आईलाही फोन केला नाही. पण नंतर चहा टाकताना मला शिरूरच्या मुलाणी मॅडमचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. "गायकवाड मॅडम, जी पोर न विचारता 'ठीक आहे' म्हणते ना, तिच्याकडं जरा लक्ष ठेवा."

रेवा, तू आता कॉलेजात आहेस, घरापासून लांब. ईशान, तूही दोन वर्षांनी जाशील. मला तुमच्या तिकडच्या कॉलेजांतलं काही कळत नाही, म्हणून उपदेश करत नाही. मला माहीत असलेल्या एका बाईंबद्दल सांगते. मी आयुष्यात पाहिलेली ती सर्वांत भित्री व्यक्ती होती.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. शिरूरच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत असे आणि मुलाणी मॅडम रसायनशास्त्र. रांजणगावला कारखाने उभे राहत होते, रस्त्यावर कंपन्यांच्या बस दिसू लागल्या होत्या, आणि काल-परवापर्यंत सायकलवर फिरणारी मुलं मोटारसायकलवर दिसत होती. आमच्या कॉलेजात आजूबाजूच्या गावांतून मुलं येत. त्यांतल्या बऱ्याच मुली घरातल्या पहिल्याच शिकणाऱ्या. त्या वसतिगृहात राहत, आणि घरच्यांनी बोलावलं की निमूट परत जात.

मुलाणी मॅडम ठेंगण्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी, तिच्यावर पांढरा अ‍ॅप्रन. त्या अ‍ॅप्रनचा एक खिसा ॲसिडने जळलेला होता आणि तो त्यांनी तसाच ठेवला होता. त्यांच्या उजव्या मनगटावर तळहाताच्या बाजूला एक गुळगुळीत, चकाकणारा डाग होता. विद्यार्थिदशेत कुणाच्या तरी हातून बाटली निसटली होती. प्रथम वर्षाच्या मुलांना पहिल्या दिवशी त्या दुसरं काही शिकवत नसत. तो डाग घेऊन बाकाबाकावर फिरत. "नीट बघून घ्या. हे एका थेंबाचं काम आहे."

त्यांना पालीची भीती वाटे, कुत्र्यांची वाटे, विजेची वाटे, रेल्वे फाटकाची वाटे. प्रयोगशाळेला कुलूप लावून त्या कॉलेजच्या फाटकापर्यंत जात आणि परत येत. गॅसचा कॉक बंद केला का ते बघायला. पुन्हा फाटकापर्यंत जात, पुन्हा येत. मुलं त्यांना मागून 'घाबरी मॅडम' म्हणत. ते त्यांच्या कानावर होतंच. एकदा एका मुलाने वर्गातच त्यांची नक्कल केली तेव्हा त्या म्हणाल्या, "छान केलंस रे. फक्त मी दुसऱ्यांदा परत येते ते राहिलं. आणि घाबरी आहे म्हणूनच तुझे दोन्ही डोळे जागेवर आहेत."

त्यांच्या प्रयोगशाळेत एक पद्धत होती. कुणीही ॲसिडची बाटली घेऊन चालायला लागलं की मोठ्याने सांगायचं, "ॲसिड येतंय!" आणि ज्यांच्या जवळून ते जाईल त्यांनी मान न वळवता, हातातलं काम न सोडता म्हणायचं, "ऐकलं!" वळलं की धक्का लागतो, म्हणून वळायचं नाही. पण ऐकलं हे सांगायचंच. व्हरांड्यातून जाताना तो आवाज सारखा कानावर यायचा. येतंय, ऐकलं. येतंय, ऐकलं. नव्या माणसाला वाटावं आत काही खेळ चालला आहे.

मग एका वर्षी प्रयोगशाळेतली भांडी धुणारे शिपाई निवृत्त झाले आणि ती जागा भरलीच गेली नाही. चंचुपात्रं, परीक्षानळ्या, ब्युरेट यांचा ढीग साचू लागला. मॅडमनी शुक्रवारच्या प्रॅक्टिकलनंतर मुलींना थांबवून घेतलं. खिडकीखाली सिंकची एक लांब रांग होती. सगळ्या भिंतीकडे तोंड करून ब्रश घेऊन उभ्या राहिल्या.

"घरी भांडी, हितंबी भांडीच!" एक जण कुरकुरली.

"घरची भांडी फुटली तर आई ओरडेल. ही फुटली तर मी रडेन. हळू घासा," मॅडम म्हणाल्या.

मला ते आवडलं नव्हतं. मुलींनीच का घासायची, असं मी त्यांना विचारलंही. त्या म्हणाल्या, "मुलगे आले तर त्यांनाही लावीन. पण तुम्ही या ना शुक्रवारी. दार लावून मुलींना थांबवलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. मला भीती वाटते. तुम्ही दाराशी बसा." म्हणून मी दाराशी एका स्टुलावर बसू लागले, मांडीवर तपासायचे निबंध घेऊन.

अशाच एका शुक्रवारी रांगेतली कुणीतरी रडत होती. नळांच्या आवाजात ते नीट कळत नव्हतं, पण एका पाठीला हिसके बसत होते. मॅडम रांगेच्या टोकाच्या सिंकवर स्वतः फ्लास्क धूत होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आपला नळ थोडा मोठा केला आणि भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "मला उद्या प्राचार्यांसमोर जायची भीती वाटते. ते ओरडले की मला बोलायला सुचत नाही."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग सवयीने एक-दोन जणी म्हणाल्या, "ऐकलं."

"बास," मॅडम म्हणाल्या. "एवढंच पाहिजे होतं."

थोड्या वेळाने रांगेतून कुठूनतरी आवाज आला, "मला गणिताच्या पेपरची भीती वाटती." ऐकलं. "माझं लगीन ठरवायला लागलेत." ऐकलं. अशा रीतीने तो तास सुरू झाला. त्याला वेळापत्रकात जागा नव्हती. मुली त्याला पाठमोरा तास म्हणायच्या.

त्याचे नियम मॅडमनी हळूहळू केले. वळायचं नाही. कोण बोललं ते विचारायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. "तुम्हाला कुणी सल्ला मागितलाय का? मग ऐकलं म्हणा आणि घासा." बाहेर बोलायचं नाही. आणि जिला आणखी बोलायचं असेल, तिने शेवटी नळ्या पुसायचं फडकं उचलायचं. फडकं उचललं की बाकीच्या निघून जात आणि ती मॅडमजवळ थांबे. त्या वेळी मीही स्टूल उचलून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाई, म्हणून तिथे काय बोलणं होई ते मला माहीत नाही.

परीक्षा जवळ आली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "आधी नळ बारीक कर." एखादी मुलगी भडाभडा बोलायला लागली, अभ्यास राहिला, झोप लागत नाही, घरून पत्र आलं, मैत्रीण बोलत नाही, सगळं एका दमात, की त्या भिंतीकडे बघतच सरकत जाऊन तिचा नळ बारीक करत. "ब्युरेट एकदम सोडली तर रंग कधी बदलला ते कळतं का? नाही कळत. मग एक थेंब सांग." मुलगी एक गोष्ट सांगे. बऱ्याचदा ती गोष्ट अभ्यासाची नसायची. खोलीतली सोबतीण तिच्याशी बोलेनाशी झाली होती, एवढंच असायचं, आणि तेवढ्यापायी धडे डोक्यात शिरत नसायचे.

पुढे मुलग्यांनीही एक शुक्रवार मागून घेतला. पहिले काही आठवडे त्यांनी फक्त गाणी म्हटली आणि एकमेकांवर पाणी उडवलं. मग एके दिवशी एक जाडा आवाज आला, "मला विंग्रजीच्या गायकवाड मॅडमची लय भीती वाटती." सगळी रांग खुसुखुसू हसू लागली. मी दाराशीच होते. मुलाणी मॅडम भिंतीकडे तोंड करून वाट बघत होत्या. नियम माझ्यासाठीही होता. मी म्हणाले, "ऐकलं." त्या दिवशी दोन फ्लास्क फुटले.

आता वैशालीबद्दल सांगते. तेवढ्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे.

वैशाली दौंडच्या अलीकडच्या एका वाडीतली. वडील दूधवाले, त्यांना सगळे आप्पा म्हणत. मुलगी हुशार, बोलकी, हसली की दोन्ही हात तोंडावर ठेवायची. त्या काळी गावाकडच्या मुलांचे जेवणाचे डबे एसटीने येत. आई पहाटे भाकरी करून डबा कापडी पिशवीत घाली, पिशवीवर दोऱ्याने नाव शिवलेलं असे, आणि फाट्यावर तो कंडक्टरच्या हवाली होई. शिरूरच्या स्टँडवर डब्यांची रांग लागे आणि ज्याचा तो उचलून नेई.

वैशालीच्याच वाडीतला संदीप रांजणगावच्या एका कंपनीत लागला होता. दुसऱ्या पाळीला जाता जाता तो स्टँडवरून तिचा डबा उचलून कॉलेजच्या फाटकावर आणून द्यायचा. आप्पांनीच त्याला तसं सांगितलं होतं. मुलगा अदबीचा. आम्हाला बघितलं की गाडी थांबवून "नमस्कार मॅडम" म्हणायचा. वॉचमनपासून प्राचार्यांपर्यंत सगळे म्हणायचे, काय गुणी पोरगा आहे, बहिणीसारखं बघतो. वैशालीलाही आधी बरं वाटलं असणार. परक्या गावात आपलं कुणीतरी होतं.

आतून काय बदलत गेलं ते आम्हाला नंतर कळलं. आधी तो म्हणाला, डबा फाटकावर नाही देणार, स्टँडवर तूच ये. मग म्हणाला, त्या मुलाशी का बोललीस? मग कुठला ड्रेस घालायचा नाही, कुठल्या मैत्रिणीबरोबर फिरायचं नाही. मग, डबा पाहिजे तर गाडीवर मागे बस. ती बसली नाही त्या दिवशी डबा आला नाही. वसतिगृहात ती म्हणू लागली, भूक नाही. विचारलं की म्हणायची, "ठीक आहे मॅडम." तिचे वर्गातले मार्क घसरले. मुलाणी मॅडमनी मला तेव्हाच सांगितलं होतं, तिच्याकडं लक्ष ठेवा. पण आमचं लक्ष तिच्या अभ्यासाकडे होतं. भुकेचा आणि त्या गुणी मुलाचा काही संबंध असेल असं आमच्या कुणाच्या मनात आलं नाही.

त्या शुक्रवारी नळ चालू होते. दोन-तीन जणी परीक्षेबद्दल बोलून झाल्या होत्या. मग एक आवाज आला, इतका बारीक की मला तो दाराशी जेमतेम ऐकू आला.

"एक जण म्हणतो, मला टाळलंस तर कंपनीतनं बाटली आणीन. म्हणतो, तुझ्या मॅडम शिकवतात त्याच्यापेक्षा जोरात असतं."

या वेळी "ऐकलं" लगेच आलं नाही. ब्रशांचा आवाज तेवढा येत राहिला. माझ्या हातातलं पेन निबंधावर टेकून राहिलं होतं आणि कागदावर शाई पसरत होती.

आणि मुलाणी मॅडम वळल्या.

मी त्यांचा चेहरा पाहिला. तो मला अजून दिसतो. त्या रांगेतल्या पाठी एकेक करून बघत होत्या. सगळ्यांचे हात चालू होते. एकीचा हात थांबला होता, आणि तिच्या हातातली परीक्षानळी भरून पाणी मनगटावरून वाहत होतं. मॅडम तिच्याजवळ गेल्या आणि त्यांनी तिचा नळ बंद केला. मग सगळ्यांनीच आपापले नळ बंद केले.

"मी नियम मोडला," मॅडम म्हणाल्या. "मी वळले."

वैशालीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी स्टुलावरून उठले. "तुम्ही म्हणाला होता कुणी वळणार नाही."

"म्हणाले होते."

"आता घरी कळणार. संपलं माझं. उद्या मला घेऊन जातील."

"बाळ, बाकी कशालाही मी पाठ करून उभी राहिले असते. या बाटलीला नाही राहू शकत." बोलताना त्यांनी डाव्या हाताने मनगटावरचा डाग झाकून धरला होता. "कुणाला सांगायचं ते तू ठरव. पण कुणालाच नाही, हे आता चालणार नाही."

वैशालीने हातातली नळी रिकामी करून ठेवली. मग तिने फडकं उचललं.

प्राचार्य म्हणाले, प्रकरण वाढायच्या आत मुलीला घरी पाठवून द्या. त्यांच्या समोर बोलायला न सुचणाऱ्या मुलाणी मॅडम म्हणाल्या, "सर, त्याचं घर तिच्या घराच्या शेजारी आहे. घरी पाठवू म्हणजे कुठं पाठवू?" प्राचार्यांनी मग तो विषय मॅडमवरच सोडला. बाहेर आल्यावर मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मला पाणी द्या हो."

वैशालीने ठरवलं की आईला नको, आप्पांना सांगायचं. आणि सांगायचं ते मॅडमनी.

सोमवारी सकाळी आम्ही तिघी स्टँडवर गेलो. दौंडच्या बाजूला जाणाऱ्या एसटीत वैशालीला मध्ये बसवलं, मी खिडकीशी. गाडी सुटायला वेळ होता. आणि मला संदीप दिसला. डब्यांच्या रांगेतून त्याने एक पिशवी उचलली, इकडेतिकडे पाहिलं, आणि सरळ आमच्या खिडकीशी आला.

"नमस्कार मॅडम. कुठं निघालात?"

"कामाला," मुलाणी मॅडम म्हणाल्या.

त्याने पिशवी खिडकीच्या गजांपर्यंत वर धरली. नाव शिवलेली बाजू आमच्याकडे होती. "वैशाली, डबा घे की."

वैशाली हलली नाही. मीही हात पुढे केला नाही. त्याच्या खांद्याला आणखी एक बॅग होती, कंपनीची, आणि मॅडमची न् माझी नजर त्या बॅगेवर होती. त्या बॅगेत काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही. कदाचित त्याचाच डबा असेल. तो हसत उभा होता. ड्रायव्हर चढला, गाडी हलली, तो काही पावलं पिशवी धरून गाडीबरोबर चालला, आणि मागे राहिला. वाटेतलं न्हावरा गाव येईपर्यंत, वैशालीच्या पाठीमागून हात घालून, मुलाणी मॅडमनी माझं कोपर इतकं घट्ट धरलं होतं की तिथे नंतर खूण दिसत होती.

वाडीत शिरताना एक कुत्रं अंगावर आलं. मॅडम माझ्या मागे लपल्या, पण चालत राहिल्या. आप्पा अंगणातल्या हौदावर दुधाचे कॅन घासत होते.

"आगं वैशे, मधीच कशी आली? या या मॅडम, बसा. चहा टाक गं!" त्यांनी आत आवाज दिला.

मॅडमनी आडवळण न घेता सांगितलं. आप्पांनी निम्मंच ऐकलं. मग हात वर केला. "बास. उद्याच्याला तिचं सामान आना. झालं तेवढं शिक्शान लय झालं." आणि आमच्याकडे पाठ करून ते पुन्हा हौदाशी बसले. कॅनवर काथ्या इतक्या जोराने घासत होते की त्याचा करकर आवाज अंगणभर होत होता. वैशाली ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिचं सगळं आयुष्य त्या पाठीकडे बघत उभं होतं.

मी म्हणाले, चला, आज राहू दे. मॅडमनी ऐकलं नाही. त्यांनी पदर खोचला, हौदाच्या दुसऱ्या बाजूला एक कॅन ओढून घेतला, आप्पांकडे पाठ करून बसल्या आणि घासायला लागल्या. तोटीचं पाणी धो धो चालू होतं.

"आप्पा, मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "पोर कॉलेजात असली की निदान तिच्याभोवती मुली असतात. इथं आणली तर ती घरात कोंडून राहील आणि तो बाहेर मोकळा फिरेल. मला लई भीती वाटते."

आप्पा घासत राहिले. ओसरीवरून वैशाली म्हणाली, "ऐकलं."

आप्पांचा हात थांबला. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाणी तसंच वाहत होतं. मग ते म्हणाले, "मीच दिला त्येच्या हातात डबा. म्हनलं, आपलाच पोरगा हाय. जाता-येता पोरीकडं ध्यान राहील."

"ऐकलं," मॅडम म्हणाल्या.

"त्येचा भाऊ सोसायटीत हाय. दूध माझं तितंच जातंय. आन् लोक काय, लोक पोरीलाच म्हनत्यात. हिनंच काय तरी केलं आसंल, आसं." त्यांचा आवाज चिरकला. "मला भ्या वाटतंय मॅडम. मर्द गड्यानं बोलू न्हाई, पर वाटतंय."

"ऐकलं, आप्पा."

आतून वैशालीची आई चहाचे कप घेऊन आली होती ती दारातच उभी होती. आप्पांनी तो कॅन धुऊन उपडा ठेवला, दुसरा घेतला. तो निम्मा घासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "परीक्षा कवा हाय तिची?"

दुसऱ्याच दिवशी आप्पा, वैशाली आणि मॅडम पोलीस ठाण्यात गेले. संदीपला आणि त्याच्या भावाला बोलावून घेतलं गेलं, तंबी दिली गेली, लिहून घेतलं गेलं. आप्पा पुढचे बरेच दिवस स्वतः एसटीने डबा घेऊन येत, धोतराचा सोगा हातात धरून फाटकावर उभे राहत. ते थांबले तेव्हा मॅडमनी नवी पद्धत पाडली. स्टँडवरचे डबे आणायला एकटीने जायचं नाही. घोळक्याने जायचं आणि हाताला येईल तो डबा उचलायचा, कुणाचा का असेना. त्यामुळे कुठली पिशवी कुणाच्या हातात आहे ते लांबून कळत नसे.

मुलांनो, मला इथे असं लिहिता आलं असतं की मग सगळं नीट झालं. तसं एकदम काही झालं नाही. संदीप कितीतरी दिवस फाटकासमोरच्या टपरीवर गाडी लावून उभा राहायचा. काही करायचा नाही, बघायचा फक्त. मुलाणी मॅडम मधल्या सुट्टीत अ‍ॅप्रन घालून फाटकात येऊन उभ्या राहत. मुलींना वर्गात जाऊ देत आणि आपण तिथेच थांबत. वॉचमनला म्हणत, "मला भीती वाटते हो." तोही आता सरावला होता. "ऐकलं मॅडम," म्हणायचा आणि काठी घेऊन त्यांच्या शेजारी उभा राहायचा.

मग एक दिवस तो दिसेनासा झाला. आम्हाला हायसं वाटायच्या आत कळलं की त्याने कुरकुंभच्या एका कारखान्यात नोकरी धरली आहे. म्हणजे केमिकलच्या कारखान्यात, आणि वैशालीच्या घराच्या आणखी जवळ. त्या वर्षी वैशाली एका विषयात नापास झाली. तिने तो पुन्हा दिला. मोटारसायकलचा आवाज आला की ती ओढणी तोंडावर घेई, हे मी ती बी.एस्सी. होईपर्यंत बघत होते. धोका नेमका कधी टळला ते आमच्यापैकी कुणालाच कधी कळलं नाही. काही घडलं नाही, एवढंच. एकदा मी मॅडमना म्हणाले, आता तरी सोडा काळजी. त्या म्हणाल्या, "सोडते की. पण आधी जरा गॅस बघून येते."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दौंडच्या प्लॅटफॉर्मवर. निवृत्तीनंतर त्या सोलापूरला भावाकडे राहायला निघाल्या होत्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. मी शिरूरहून त्यांच्याबरोबर आले होते, आणि वैशाली तिथे आधीच येऊन उभी होती. ती तेव्हा दौंडलाच एका शाळेत विज्ञान शिकवू लागली होती. तिच्या हातात प्रवासासाठी डबा होता, कापडी पिशवीत, आणि पिशवीवर दोऱ्याने 'मुलाणी मॅडम' असं शिवलेलं होतं. मॅडमनी ते बोटाने चाचपून पाहिलं आणि हसल्या.

गाडीला वेळ होता. मॅडम पाण्याची बाटली घेऊन प्लॅटफॉर्मवरच्या नळांपाशी गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी नळ सोडला, बाटली विसळली, पुन्हा विसळली. आमच्याकडे पाठ होती.

"मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "तिकडं मला कुणी ओळखत नाही."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "ऐकलं."

त्यांनी मान हलवली, बाटली भरली, झाकण नीट लावलं. गाडी आली तेव्हा पायरीवर पाय ठेवताना त्या नेहमीसारख्या घाबरल्या, वैशालीने हात दिला. गाडी हलली आणि खिडकीतून त्यांचा जाड चष्मा दिसला. त्या मला ओरडून विचारत होत्या, "गायकवाड मॅडम, लॅबचा गॅस?"

"बंद आहे!" मी ओरडले.

काही वर्षांनी त्या गेल्याचं मला वैशालीने कळवलं.

रेवा, पुढच्या वेळी फोन केलास की तो ओट्यावर ठेव, कॅमेरा भिंतीकडे कर आणि नळ सोडून चार भांडी घास. मीही इकडे तसंच करीन. जे बोलावंसं वाटेल ते बोल, नाहीतर काहीच बोलू नकोस. कोण, का, कसं, मी काही विचारणार नाही. फक्त एक सांगून ठेवते. एखादी गोष्ट त्या बाटलीसारखी असली, तर मी वळेन. ईशान, हे तुझ्यासाठीही आहे.

वैशालीच्या शाळेत शुक्रवारी मुलं-मुली अजून परीक्षानळ्या स्वतःच धुतात. शिरूरची ती जुनी प्रयोगशाळा आता सामान ठेवायची खोली झाली आहे. पण खिडकीखालची सिंकची रांग तशीच आहे, आणि तिच्या नळांना पाणी येतं.